बोस्टनचे तळे, मुंबईचा ग्लास

शनिवारी रात्री लोअर परळच्या किंवा वांद्र्याच्या एखाद्या गजबजलेल्या कॉकटेल बारमध्ये सर्वांत जास्त काय संपते, असे विचारले तर बहुतेक जण दारूचे नाव घेतील. वजनकाट्याचे उत्तर वेगळे आहे. एका कॉकटेलमध्ये साधारण ६० मिलिलिटर मद्य पडते. ते थंड करायला शेकरमध्ये आणि वाढायला ग्लासात मिळून पाव किलोच्या आसपास बर्फ सहज जातो. काउंटरमागे दिव्यांच्या उजेडात मांडलेल्या बाटल्यांपैकी कित्येक महिनोन्‌महिने पुरतात. बर्फाची पेटी मात्र एका रात्रीत कितीतरी वेळा भरावी लागते.

हा बर्फ ग्राहकाच्या हिशेबात नसतो. मेनूवर त्याचे नाव नसते आणि त्याची किंमतही वेगळी लावलेली नसते. उलट बर्फ जास्त घातला की आपल्याला कमी पेय मिळाले, अशी पुष्कळांची समजूत असते. खरे पाहता कॉकटेल आज ज्या रूपात आहे ते बर्फामुळेच आहे. मद्याला किती गारवा द्यायचा आणि किती पाणी पाजायचे, हा त्यातला मूळ हिशेब. तो काही सेकंदांत अचूक जमवणे हे बारटेंडरचे कसब. त्या कसबामागे दोनशे वर्षांचा व्यापार आहे, पदार्थविज्ञानाचा एक चकित करणारा नियम आहे आणि मुंबईच्या गोदीत उतरलेल्या अमेरिकन तळ्यांची हकीकतही आहे.

१८०६ सालच्या दोन गोष्टी

न्यूयॉर्क राज्यातील हडसन या गावी ‘द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी’ नावाचे वृत्तपत्र निघत असे. १३ मे १८०६ च्या अंकात एका वाचकाच्या शंकेला उत्तर देताना संपादकाने कॉकटेल म्हणजे काय ते सांगितले. कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे मुळ्या-सालींचा कडू अर्क, यांचे मिश्रण. कॉकटेलची छापील स्वरूपातली ही पहिली व्याख्या मानली जाते. तिच्यात पाणी हा स्वतंत्र घटक म्हणून मोजला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे. बर्फाचा उल्लेख मात्र नाही. त्या काळी बर्फ हिवाळ्यात फुकट मिळे, आणि उन्हाळ्यात तो फक्त सधन घरांच्या तळघरांत उरे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बाविशीतल्या तरुणाने गोठलेल्या तळ्यातला बर्फ कापून जहाजात भरला आणि जहाज कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटाकडे रवाना केले. लोकांनी त्याला वेड्यात काढले. बर्फ पोहोचला, पण बेटावर तो साठवायला जागा नव्हती आणि त्याचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ट्यूडरला मोठा तोटा झाला. पुढे कर्जापायी त्याला तुरुंगाची हवाही खावी लागली, तरी त्याने नाद सोडला नाही. लाकडाच्या गिरण्यांतून वाया जाणारा भुसा हे बर्फाचे उत्तम पांघरूण आहे, हे त्याने हेरले. दुहेरी भिंतींची बर्फघरे बांधली. १८२५ च्या सुमारास नॅथॅनियल वाइथ याने घोड्याने ओढायचे एक अवजार तयार केले. तळ्याच्या गोठलेल्या पृष्ठभागावर ते सरळ रेषेत चर पाडत जाई. त्यामुळे बर्फाच्या एकसारख्या चौकोनी लाद्या निघू लागल्या. त्या एकमेकींना भिडवून रचता येत, मधे हवा कमी राही आणि वितळण्याचे प्रमाण घटे.

ट्यूडरची खरी हुशारी विक्रीत होती. तो पेये विकणाऱ्यांना सुरुवातीला बर्फ फुकट देई. अट एवढीच, की थंड पेय आणि साधे पेय एकाच भावात विकायचे. एकदा जिभेला गारव्याची चटक लागली की गिऱ्हाईक पुन्हा कोमट पेयाकडे वळणार नाही, हा त्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. न्यूयॉर्कच्या जेरी टॉमस या बारटेंडरने १८६२ साली पेयांच्या कृतींचे पुस्तक छापले. अमेरिकेत निघालेले अशा प्रकारचे हे पहिले पुस्तक समजले जाते. त्यातल्या कृती बर्फ हाताशी आहे असे गृहीत धरूनच लिहिलेल्या आहेत.

बोस्टन ते मुंबई

हिंदुस्थानात गारवा नवा नव्हता. अकबराच्या दरबारात पिण्याचे पाणी सोरा वापरून थंड करत, असे अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवले आहे. सोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. पाण्याची सुरई त्या द्रावणात फिरवत राहिले की आतले पाणी गार होते. गंगेच्या खोऱ्यात याहून नवलाची रीत होती. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री उथळ खड्ड्यात गवताचा थर पसरून त्यावर मातीच्या पसरट परळांत पाणी ठेवत. पहाटेपर्यंत त्यावर बर्फाचा पापुद्रा धरे. प्रयागजवळची ही पद्धत रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवली. कच्च्या मातीतून पाझरणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि उघड्या आकाशाकडे उष्णता निघून जाते. या दुहेरी कारणाने हवा शून्य अंशाला पोहोचलेली नसतानाही पाणी गोठते.

पण हा बर्फ पातळ असे, मातकट असे आणि थोडाच मिळे. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांच्या प्रवासात त्याने दोनदा विषुववृत्त ओलांडले. सप्टेंबरमध्ये ते हुगळीत शिरले तेव्हा भुशाखाली शंभरेक टन बर्फ शाबूत होता. कलकत्त्याच्या युरोपियन रहिवाशांनी वर्गणी काढून बर्फघर उभारले.

लवकरच मुंबई आणि मद्रासही या व्यापारात आले. मुंबईत फोर्ट भागात गोदीजवळ बर्फघर होते. १८३० च्या दशकात शहरात बर्फ आला, तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइसक्रीम दिले आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा मुंबईच्या इतिहासात आवडीने सांगितला जातो. मद्रासचे १८४२ साली बांधलेले बर्फघर अजून समुद्रकिनारी उभे आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा तेथे मुक्काम झाला आणि आज ते ‘विवेकानंदर इल्लम’ म्हणून ओळखले जाते.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसे मॅसॅच्युसेट्समधील वॉल्डन तळ्यावर बर्फ कापत होती. तळ्याकाठी तेव्हा हेन्री डेव्हिड थोरो झोपडी बांधून राहत होता. आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याची घामाघूम माणसे पिणार, या कल्पनेचे त्याला फार अप्रूप वाटले. ‘वॉल्डन’ या १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात मुंबईचे नाव येते ते बर्फामुळे.

१८७० च्या दशकात अमोनियावर चालणारी शीतयंत्रे कामाला लागली. १८७८ साली कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी निघाली आणि काही वर्षांतच सातासमुद्रापारच्या बर्फाचा धंदा आटोपला. तेव्हापासून बर्फ शहरातच तयार होतो. ससून डॉकवर मासळीसाठी लाद्या फोडल्या जातात, गिरगाव चौपाटीवर गोळ्यासाठी किसल्या जातात. खाण्याचा बर्फ आणि माल टिकवण्याचा बर्फ यांची गल्लत होऊ नये म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक केले.

शेकरमधले चाळीस ग्रॅम

आता काउंटरपाशी येऊ. मागणी डायक्विरीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्यूबातील डायकिरी गावाजवळच्या लोखंडाच्या खाणींवर काम करणाऱ्या अमेरिकन अभियंत्यांशी या पेयाचे नाव जोडले जाते. घटक तीनच आहेत: पांढरी रम, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक.

बारटेंडर जिगर नावाच्या दुतोंडी मापाने रम मोजतो, ६० मिलिलिटर. मग २० मिलिलिटर लिंबाचा रस आणि तितकाच पाक. शेकरचा मोठा पेला बर्फाच्या खड्यांनी भरतो, छोटा पेला त्यात तिरका बसवून तळहाताने एक थाप मारतो. दोन्ही पेले घट्ट बसतात, आणि आतली हवा थंड होऊन आकसू लागली की जोड आणखी पक्का होतो. शेकर खांद्यापाशी नेऊन तो जोरात मागेपुढे हलवतो. सुरुवातीला खड्यांचा खणखणीत आवाज येतो. पाच-सहा सेकंदांनी तो बोथट होतो, कारण खड्यांच्या कडा झिजलेल्या असतात आणि आत द्रव वाढलेला असतो. धातूवर आधी दव जमते, मग ते दव गोठून पांढरे होते. बोटांना चटका बसू लागतो. दहा-बारा सेकंद झाले की तो थांबतो. याहून जास्त वेळ हलवून फारसा फरक पडत नाही, कारण तोवर आतले तापमान जवळजवळ स्थिरावलेले असते.

एवढ्या वेळात आत काय घडले? शेकरमध्ये ओतलेले मिश्रण साधारण १०० ग्रॅम होते आणि मुंबईच्या हवेत ते २८ अंश सेल्सियसच्या आसपास होते. ग्लासात पडताना ते शून्याखाली पाचेक अंशांवर असते. म्हणजे सुमारे ३३ अंशांची घट. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने उतरवायला एक कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. या मिश्रणालाही साधारण तोच हिशेब लावला तर ३,००० हून जास्त कॅलरी काढाव्या लागतील. आणि एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी शोषून घेतो. भागाकार केला की उत्तर येते चाळीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे शंभर मिलिलिटर ओतले होते आणि ग्लासात सुमारे एकशे चाळीस मिलिलिटर आले. वरचे चाळीस हे निव्वळ बर्फाचे पाणी. पेयाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग कोणीही मापाने ओतलेला नाही. १८०६ च्या व्याख्येतले पाणी आता बर्फाच्या वाटेने येते.

गारवा आणि पाणी ही जोडी फोडता येत नाही. पेय थंड होते ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे, निव्वळ थंड खड्याला टेकल्यामुळे नव्हे. बर्फ न वितळता पेय गार व्हावे अशी इच्छा धरणे म्हणजे लाकूड न जळता उब मागणे.

दुसरे नवल तापमानाचे. बर्फ शून्य अंशाचा असताना पेय शून्याखाली गेलेच कसे? शुद्ध पाणी शून्याला गोठते, पण त्यात मद्यार्क मिसळला की गोठणबिंदू खाली सरकतो. शुद्ध मद्यार्क तर उणे ११४ अंशांपर्यंत गोठत नाही. शून्य अंशाचा बर्फ अशा मिश्रणात टाकला की तो शून्यालाही वितळतच राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता मिश्रणातूनच ओढतो. म्हणून दोघांचेही तापमान शून्याच्या खाली घसरते. कुल्फीवाला मटक्यातल्या बर्फावर खडेमीठ टाकतो, तेव्हा हाच नियम राबत असतो. त्याच्याकडे मीठ असते, बारटेंडरकडे मद्यार्क.

शेकर हलवला की पेयात हवेचे बारीक बुडबुडे शिरतात आणि ते किंचित धूसर, फेसाळ होते. लिंबाचा रस, अंड्याचा पांढरा भाग किंवा साय असलेली पेये म्हणून हलवतात. शाकाहारी ग्राहकांसाठी अंड्याऐवजी काबुली चणे शिजवलेले पाणी घालतात. त्यातल्या प्रथिनांमुळे तसाच दाट फेस धरतो. ज्या पेयात सगळे घटक मद्याचेच आहेत ते मात्र लांब दांड्याच्या चमच्याने ढवळतात. त्यामुळे ते पारदर्शक राहते आणि पोतही रेशमी येतो. जेम्स बाँड मार्टिनी हलवून मागतो, पण बहुतेक बारटेंडर ती ढवळूनच करतात.

काचेसारखा खडा

गेल्या काही वर्षांत चांगल्या बारमध्ये एक मोठा, आरपार दिसणारा चौकोनी खडा ग्लासात टाकून पेय देण्याची रीत पडली आहे. तो कितीही देखणा असला तरी त्याचे मुख्य काम हिशेबाचे आहे. पाच सेंटिमीटर बाजूच्या एका घनाचे पृष्ठफळ १५० चौरस सेंटिमीटर भरते. तेवढाच बर्फ अडीच सेंटिमीटर बाजूच्या आठ खड्यांत वाटला तर एकूण पृष्ठफळ ३०० होते. बर्फ पृष्ठभागावरून वितळतो. साहजिकच मोठा खडा सावकाश वितळतो आणि अर्धा तास गप्पा मारत घोट घोट प्यायचे पेय लगेच पांचट होत नाही.

घरच्या फ्रीजमधला बर्फ मधोमध पांढरा का असतो? पाणी गोठताना त्याचे रेणू ठरावीक जाळी बांधत जातात. विरघळलेल्या हवेला आणि क्षारांना त्या जाळीत जागा नसते, म्हणून ते पुढच्या द्रव पाण्यात ढकलले जातात. ट्रेमध्ये गारवा सर्व बाजूंनी लागतो. बाहेरून आत गोठत जाणाऱ्या पाण्यात ही हवा शेवटी मध्यभागी कोंडते आणि तेथे बुडबुड्यांचा पांढरा गाभा तयार होतो. तळे फक्त वरून गोठते. हवेला खाली सरकायला जागा मिळते आणि वरचा थर स्वच्छ निघतो. ट्यूडरचा बर्फ त्याच्या पारदर्शकतेसाठी नावाजला जाई, त्याचे एक मोठे कारण हेच.

बारसाठी असा बर्फ करणारी यंत्रे तळ्याची तऱ्हा उलटी वापरतात. थंडावा खालून देतात आणि वरचे पाणी छोट्या पंपाने हलते ठेवतात, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. सव्वाशे-दीडशे किलोची एक लादी तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. वरचा अखेरचा गढूळ थर काढून टाकतात आणि करवतीने खडे पाडतात. घरीही हे जमते. जाड भिंतींचा छोटा थर्मास-डबा पाण्याने भरून झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवायचा. बाजूंनी आणि खालून थंडी लागत नाही, पाणी वरून खाली गोठते. पूर्ण गोठण्याआधी डबा बाहेर काढला की वरची लादी काचेसारखी निघते.

कडू थेंब, निळा उजेड

जुन्या व्याख्येतला चौथा घटक बिटर्स. काउंटरवर हमखास दिसणारी, अंगापेक्षा मोठे लेबल असलेली छोटी बाटली अँगोस्तुरा बिटर्सची. योहान गॉटलीब बेंजामिन सीगर्ट हा जर्मन डॉक्टर सिमोन बोलिव्हारच्या सैन्यात शल्यचिकित्सक होता. व्हेनेझुएलातील अँगोस्तुरा शहरात १८२४ साली त्याने हा अर्क पोटाच्या तक्रारींवरचे औषध म्हणून तयार केला. ते शहर आता सिउदाद बोलिव्हार आहे आणि बिटर्स त्रिनिदादमध्ये बनते. पेयात त्याचे दोन-तीन थेंबच पडतात. जेन्शियनच्या मुळीचा कडूपणा आणि मसाल्यांचा गंध तेवढ्यानेही गोडवा आणि मद्य यांच्यात दुवा साधतो.

कडू घटकांत सर्वांत नाट्यमय गोष्ट क्विनाइनची. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० साली पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळे केले. हिवतापावर ते रामबाण ठरले. १८६० च्या दशकात निलगिरीत सिंकोनाची लागवड झाली. लंडनच्या इरॅस्मस बाँड याने १८५८ साली क्विनाइनयुक्त सोड्याचे, म्हणजे टॉनिक वॉटरचे, पेटंट घेतले. जिन आणि टॉनिक यांच्या जोडीचा छापील उल्लेख १८६८ च्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’मध्ये सापडतो, तोही हिंदुस्थानातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या वर्णनात. आजच्या टॉनिकमध्ये क्विनाइन चवीपुरतेच असते. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ८३ भाग आहे, त्यामुळे टॉनिक पिऊन मलेरियापासून संरक्षण मिळते हा समज खोटा आहे.

जांभळट दिवे लावलेल्या बारमध्ये टॉनिकचा ग्लास निळसर चमकताना दिसतो. ही कुठल्या रंगाची करामत नाही. क्विनाइनचे रेणू डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि ती ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपात परत देतात. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने १८४५ साली क्विनाइनच्या द्रावणाच्या पृष्ठभागावर ही निळी झाक पाहिली. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स याने तिचा उलगडा केला. आज रक्ततपासणीपासून पेशींच्या अभ्यासापर्यंत सर्वत्र वापरले जाणारे प्रतिदीप्तीचे तंत्र या निरीक्षणापासून सुरू होते.

टॉनिकलाही बर्फाचीच साथ लागते. शून्य अंशाच्या पाण्यात वीस अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कर्बवायू मावतो. कोमट टॉनिक बर्फावर ओतले की फेस उसळतो आणि बुडबुडे तिथेच संपतात. म्हणून जाणता बारटेंडर टॉनिकची बाटलीही फ्रीजमध्येच ठेवतो आणि ग्लास बर्फाने काठोकाठ भरतो. भरपूर बर्फ एकमेकाला थंड ठेवतो, वितळतो कमी. जास्त बर्फाने पेय पातळ होते ही समजूत त्यामुळे नेमकी उलटी आहे. मोजका बर्फ टाकलेले पेयच लवकर पांचट होते.

परवान्याचा कागद

मुंबईतल्या या सगळ्या सोहळ्याला कायद्याची एक विलक्षण चौकट आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने दारू पिणे हा मुळात गुन्हा आणि परवाना ही सूट ठरवली. त्या कायद्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे आणि तत्त्वतः परवान्याची अट अजूनही आहे. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. आरोग्य टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे, अशा अर्थाची भाषा त्याच्या नमुन्यात चालत आली आहे. राज्यभर दिसणाऱ्या ‘परमिट रूम’च्या पाट्या याच कायद्याची देणगी आहेत. महाराष्ट्रात तीव्र मद्य पिण्यासाठी वय २५ वर्षे पूर्ण असावे लागते, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. गेटवेसमोरच्या ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार १९३३ सालचा. शहराचा पहिला बार परवाना आपला, असे हॉटेल अभिमानाने सांगते.

आजच्या मेनूंत आपल्या मातीतले पदार्थही आले आहेत. कोकम, कैरी, ताडगोळे दिसतात, गोव्याची फेणीही दिसते. काजूच्या बोंडांच्या रसाचे पहिले ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक. ते उन्हाळ्यातच मिळते. पुढे फेणी उतरते. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा उग्र वास ग्लासात गारव्यामुळे मवाळ होतो, कारण थंड द्रवातून गंधाचे रेणू कमी उडतात.

गारव्याची भूल

इथेच सावध राहायला हवे. गारवा मद्याचा गंध दाबतो आणि घशाला जाणवणारा जाळही कमी करतो. गोडीचेही तसेच. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींत टीआरपीएम५ नावाची एक प्रथिन-वाहिनी असते. ती थंडीत मंदावते आणि उबेत जोमाने काम करते, असे बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली दाखवले. म्हणून थंड पेयात गोडी जाणवण्यासाठी साखर जास्त घालावी लागते. परिणामी कॉकटेल सरबतासारखे सहज उतरते आणि त्यात मद्य किती आहे हे जिभेला कळत नाही.

आकडा मात्र लपत नाही. भारतीय बाटल्यांवर साधारणपणे ४२.८ टक्के ही तीव्रता छापलेली असते. ६० मिलिलिटरमध्ये त्या हिशेबाने जवळजवळ २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, मग वर बर्फ कितीही पडो. यकृत तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅमच निकाली काढते. म्हणजे एका कॉकटेलला दोन ते तीन तास. शेकरमध्ये पेय पातळ होते, मद्यार्क कमी होत नाही. वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क असणे मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. मद्यपेये कर्करोगकारक आहेत हेही १९८८ पासून अधिकृतपणे नोंदलेले आहे.

या कारणांनी असेल किंवा आवड बदलल्यामुळे असेल, मद्यविरहित कॉकटेलांना आता मेनूवर स्वतंत्र जागा मिळू लागली आहे. ती बनवणे सोपे असेल असे वाटते, पण गणित उलटे बसते. मद्यार्क नसल्यामुळे गोठणबिंदू फारसा खाली सरकत नाही, आणि शेकर कितीही हलवला तरी पेय शून्याच्या आसपासच रेंगाळते. शिवाय बर्फाचे जे पाणी ४२.८ टक्क्यांच्या मद्याला मवाळ करते, तेच पाणी कोकमाच्या किंवा आल्याच्या रसाला फिके करून टाकते. म्हणून बारटेंडर रस आणि पाक आधीच फ्रीजमध्ये गार करून ठेवतो, चव एक पायरी चढी ठेवतो आणि शेकर कमी वेळ हलवतो. चाळीस ग्रॅमऐवजी दहा-पंधराच ग्रॅम बर्फ वितळावा, असा बेत करतो. बाटली बाजूला ठेवली तरी कसब जसेच्या तसे शिल्लक राहते. बर्फाची पेटी रिकामी झाली, तर मात्र मागच्या भिंतीवर कितीही उंची बाटल्या असोत, त्या रात्री कॉकटेल मिळणार नाही.